कोपऱ्यातला घास

ठमाबाई,

तुमच्या नावाआधी काय लिहावं ते ठरत नाही. तीर्थरूप म्हणावं तर तुम्ही आमच्या नात्यातल्या नाही. श्रीमती म्हणावं तर तुम्हीच विचाराल, ही कोण बया? तेव्हा नुसतं ठमाबाई.

तुमचं नाव आमच्या घरात अजून चालू आहे, पण कशासाठी ते ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. उशीची शिवण उसवली, परकराची दुमड सुटली, की आमच्याकडे म्हणतात, ‘ठमाबाईचा टाका.’ परवा माझी सून नौपाड्यातल्या शिंप्याला हेच ऐकवून आली. शिंप्याने मान हलवली. तुम्ही कोण हे तिलाही ठाऊक नाही आणि त्यालाही. ठाऊक होतं ते माझ्या पणजीला, लक्ष्मीला. तिने ते म्हातारपणी माझ्या आजीला सांगितलं आणि आजीने मला. आता मी लिहून टाकते. तुमची बोली थोडी सरळ करून घेते, कारण अस्सल आगरी माझ्या नातवंडांना कळायची नाही. तुम्ही वाचलंत तर शिव्या द्याल. द्या.

तर ठमाबाई.

खाडीकाठचं गाव, डोंबिवलीच्या अलीकडे. आता त्या गावाचं नाव एका गृहसंकुलाच्या कमानीवर उरलं आहे, तेही चुकीचं लिहिलेलं. तेव्हा तिथे भाताची खाचरं होती, मिठागरं होती आणि काळुराम पाटलाचं कौलारू घर होतं. ठमाबाईचा नवरा धाकू मिठागरावर कामाला जायचा. तो फार कमी बोलायचा. त्याच्या वाटणीचंही ठमाच बोलते, असं लोक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

ठमाबाई दिसायला कशी होती हे पणजीने सांगितलेलं नाही. हात कसे होते ते सांगितलं. बोटं आखूड, अंगठा चपटा, आणि टाका असा की एकदा घातला की त्यात दुसरी सुई शिरायची नाही. गावात कुणाचीही गोधडी असो, शेवटचा कोपरा ठमाबाई बंद करायची.

हा कोपरा म्हणजे काय ते सांगायला हवं. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर. ते एकावर एक अंथरायचे, कडेने धावदोरा घालायला लागायचं आणि गोल गोल फिरत आत यायचं. हे सगळ्यांनाच येतं. पण आमच्याकडे एक कोपरा वीतभर उघडा ठेवायचा. गोधडी शिवून झाली की त्या कोपऱ्यातून तिच्या पोटात तांदळाच्या भाकरीचा बोराएवढा घास सारायचा, ‘खा आणि ऊब दे’ म्हणायचं आणि कोपरा शिवून टाकायचा. गोधडी उपाशी ठेवू नये. उपाशी गोधडी पांघरली की पांघरणाऱ्याच्या घरात चूल पेटत नाही, असा समज होता. खुळा समज आहे हे मलाही कळतं. पण माझ्या लग्नात आलेल्या गोधडीचा एक कोपरा कडक लागायचा आणि तो उसवून बघायची माझी कधी छाती झाली नाही.

घास घालून कोपरा बंद करायचा तो मानाच्या बाईने. हा मान ठमाबाईकडे तिच्या सासूकडून आला होता. तिच्याकडे दुसरा कसलाच मान नव्हता. शेत नव्हतं, मुलगा नव्हता, एक मुलगी होती. कोपरा होता.

सन १८७६. घाटावर पाऊस झाला नाही. आपल्याकडे जेमतेम झाला. दिवाळीपासून घाट उतरून माणसं यायला लागली, नगरकडची, पारनेरकडची, आणखी कुठकुठची. कल्याणच्या पुढे, विठ्ठलवाडीच्या अंगाच्या माळावर त्यांचा तळ पडला. धडधाकट होते ते खडी फोडायच्या कामावर लागले. जे नव्हते ते माळावर बसून राहिले.

काळुराम पाटलाने गाव जमवून सांगितलं, “यंदा दाना गावाबाहेर जानार नाय. एक मूठ दिली तर उद्या शंभर दारात येतील. आपलीच पोरं जगवायची हायत.” माणूस दुष्ट नव्हता. गावातल्या धान्याच्या कणग्या त्याने स्वतः बघितल्या होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठमाबाईनेही डोलावली.

पण गंगुबाई पाटलीण, म्हणजे काळुरामची बायको, हिला स्वस्थ बसवेना. कल्याणच्या बाजाराला गेली तेव्हा तिने तो तळ बघितला होता. पौष तोंडावर आलेला, आणि माणसं गोणपाट पांघरून. ती नवऱ्याला म्हणाली, “दाना नको तर नको. चिंध्या दिलेल्या चालतील ना?”

“चिंध्या काय, दे की.”

झालं. दुपारची भांडी आवरली की गंगुबाईच्या पडवीत गावच्या बायका जमायच्या. प्रत्येकीने घरातलं फाटकं लुगडं आणायचं. पाटलिणीचा नियम कडक होता. दानाची म्हणून पातळ गोधडी चालायची नाही, आपल्या लेकीला देतो तशीच द्यायची. आणि दिलेली गोधडी कुठे उसवली तर गणू गाडीवानाने ती परत आणायची, दुरुस्त करून पुन्हा द्यायची. “माझ्या पडवीतून गेलेली गोधडी कोनी फाटकी पांघरली तर लोक मना नावं ठेवतील,” ती म्हणायची. दुष्काळातल्या लोकांना नावं ठेवायला वेळ असतो असा तिचा समज होता.

पडवीत तुळसा होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. तिच्याखेरीज आणखी चारपाच बायका असत. गंगुबाईची नवी सून लक्ष्मी होती, माझी पणजी, तेव्हा जेमतेम अठराची. तिचा हात चांगला होता. ठमाबाईने तिला धावदोरा शिकवला होता, म्हणजे चुकला की उसवायला लावला होता. आणि कडेला ठमाबाई बसायची, चतकोर भाकरी पुढ्यात घेऊन. एकेक गोधडी संपली की तिच्याकडे सरकायची. बोराएवढा घास, ‘खा आणि ऊब दे’, टाका.

पहिली गाडी भरून गेली. आठवड्याने गणू दुसरी न्यायला आला तेव्हा काही गोधड्या परत घेऊन आला.

“उसवल्यात,” तो म्हणाला.

गंगुबाईने एक उलगडली. कोपरा उघडा. दुसरी उलगडली. कोपरा उघडा. सगळ्यांचा तोच. बाकी गोधडीचा एक टाका हललेला नव्हता.

 मग तुळसा बोलली. “उंदीर असतील गो.”

“उंदीर नाय,” ठमाबाई म्हणाली. दोऱ्याचं टोक तिने बोटावर घेऊन बघितलं. “उंदीर कुरतडतो. हा वढून काढलाय.”

“मंजे सुटलाय.”

“माझा टाका सुटत नाय.”

“मग ह्यो कोनाचा गो?” तुळसा म्हणाली आणि सुई दातात धरून हसली.

ठमाबाईने सगळे कोपरे पुन्हा शिवले. दुहेरी सूत घेतलं आणि टाक्यावर टाका घातला. घासही नवा घातला, कारण आत काहीच उरलेलं नव्हतं. ते तिने बघितलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. घास पडला असेल, असं तिला वाटलं. तिचं सगळं लक्ष टाक्याकडे होतं.

पुढच्या खेपेला गणूने परत आणल्या त्या पहिल्यापेक्षा वाईट. टाका तसाच होता, पण त्याच्या शेजारचं कापड टराटरा फाडलेलं. गंगुबाईने ते फाटकं टोक ठमाबाईपुढे धरलं.

“टाका हलका घातला तर सुटतो, घट्ट घातला तर कापड फाटतं. ठमा, तू करतेस काय?”

“कोनतरी मुद्दाम फाडतंय.”

“कशाला फाडंल कोन? पांघरायची वस्तू कोन फाडतो?”

 ठमाबाई घरी गेली आणि रात्री जेवली नाही. धाकूने तिच्याकडे बघितलं, आणि तिची भाकरी खाल्ली.

सकाळी गणू गाडी जोडत होता. ठमाबाई येऊन गोधड्यांवर बसली.

“कुठं गो, मावशी?”

“तुझ्या तळावर. फाडनाऱ्याचं तोंड बघायचंय मना.”

“बघून काय करनार?”

“तू बैल हाक.”

तळावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. वर्णन करत नाही. उपाशी माणसांची वर्णनं फार झाली आहेत आणि त्यातली बरीचशी जेवून लिहिलेली असतात. ठमाबाई गाडीवरून उतरली आणि आपल्या गावच्या गोधड्या शोधत निघाली. त्या लांबून ओळखू येत. तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याचा थर वर असलेली एक गोधडी तिला दिसली. एक बाई ती गुडघ्यांवर घेऊन बसली होती, आणि मांडीवरचं पोर गोधडीचा कोपरा तोंडात धरून होतं. दातांनी टाका ओढत होतं.

“अगो, सोडव त्याच्या तोंडातनं!” ठमाबाई ओरडली. “माझा टाका हाय तो!”

बाई दचकली. तिने पोराच्या तोंडातून कोपरा काढायचा प्रयत्न केला. पोराने सोडला नाही.

“तुमी शिवता व्हय ह्या?” बाईने विचारलं.

“मग कोन शिवतो?”

“लई घट्ट शिवता, माय.” तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. हवेबद्दल बोलावं तसं ती बोलली. “मोठ्याचा दात हालला काल. आदी सैल व्हतं ते बरं व्हतं.”

ठमाबाईला अजून कळलं नव्हतं. मला हे सांगताना दर वेळी तिचा राग येतो, पण खरोखर कळलं नव्हतं. तिच्या डोक्यात भाकरीचा घास हा गोधडीचा होता. गोधडीचा घास माणूस खाईल हे तिच्या मनात येण्याची वाटच नव्हती.

तेवढ्यात टाका सुटला. पोराने बोट आत घातलं, बोराएवढा वाळका तुकडा बाहेर काढला आणि तोंडात टाकला. चावला नाही, नुसता धरून ठेवला.

“वास आला त्याला पयल्या राती,” बाई म्हणाली. “कोपरा चोखत निजला. सकाळी बगते तर तोंडात भाकर. मंग समद्यांनी आपापले कोपरे बगितले. आता नवी गोधडी आली की आदी लेकराकडं देत्यात.” थोडं थांबून तिने विचारलं, “तुमी तो कशापायी ठिवता आत?”

“उपाशी ऱ्हाऊ नये म्हनून.”

“कोन?”

“गोधडी,” ठमाबाई म्हणाली.

बाई तिच्याकडे बघत राहिली. “गोधडी,” ती म्हणाली. आणि मग, पाहुण्याच्या घरची रीत समजून घ्यावी तशी मान हलवून, “बरं.”

परतीच्या वाटेवर गणू विचारत होता, कोन फाडतंय ते कळलं का. ठमाबाई उत्तर देत नव्हती. गणूने पुढे बरीच वर्षं सांगितलं, की मिठागर येईपर्यंत ठमामावशी गप्प बसलेली त्याने तेव्हाच एकदा बघितली.

पडवीत सगळ्या वाट बघत होत्या. गंगुबाईने विचारलं, “काय गो? सापडला कोन फाडनारा?”

इथे ठमाबाईला एक वाक्य बोलायचं होतं. पोरं घास काढून खातात. एवढं म्हटलं असतं तर तिचा टाका सुटला असता, म्हणजे तिच्यावरचा आळ सुटला असता. तुळसाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण समोर गंगुबाई होती आणि गंगुबाईच्या मागे ओटीवर काळुराम पाटील हिशोबाला बसला होता. दाणा गावाबाहेर जाणार नाही, हे त्याने गावासमोर सांगितलं होतं. गंगुबाई नवऱ्याचा शब्द मोडणारी नव्हती. कोपऱ्यातून दाणा जातो हे तिला कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून गोधड्या उपाश्या गेल्या असत्या. रीत मोडली म्हणून ती हळहळली असती, पण गेल्या असत्या.

“कोनी नाय,” ठमाबाई म्हणाली. “टाकाच कच्चा होता.”

“तुझा?”

“माझाच. डोलं गेलं आता. दिसत नाय नीट.”

तुळसाने दातातली सुई काढून ठेवली.

त्यानंतर ठमाबाईने कोपरे निराळ्या पद्धतीने शिवायला घेतले. घास बोराएवढा राहिला नाही. ती आपल्या वाटणीची भाकरी घरी चांगली वाळवून घ्यायची, पदराखाली आणायची, आणि दोन थरांच्या मध्ये अर्धी अर्धी सपाट सारायची. टाके लांब घालायची, शेवटची गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक बाहेर ठेवायची, पोराच्या बोटात येईल असं.

घरी धाकूने एकदा विचारलं, “तुझी भाकरी कुठं गेली?”

“खाल्ली.”

“कोनी?”

“खानाऱ्यानं.”

धाकूने आणखी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून तो दोनातली एक भाकरी ताटात ठेवून उठायला लागला. विचारलं तर म्हणायचा, मिठागरावर हवा खारी असते, भूक लागत नाही. तो जन्मभर तिथेच कामाला होता.

पडवीत तुळसाने एक कोपरा चाचपला. “ह्याला गळू झालंय काय गो?”

“कापूस हाय.”

“कापूस मोडतो?”

“जुना हाय,” ठमाबाई म्हणाली आणि गोधडी ओढून घेतली.

असं किती दिवस चालणार? गणू परत आणायचा त्या गोधड्या वाढल्या. प्रत्येकीचा कोपरा सताड उघडा. शेवटी गंगुबाईने सगळ्यांच्या देखत सुई ठमाबाईच्या हातातून काढून घेतली. अपमान करायचा म्हणून नव्हे. गंगुबाईच्या मनात ते कामाचं होतं.

“ठमा, तुझा हात गेला. त्याला तू काय करनार? उद्यापासून कोपरा लक्ष्मी घालंल. तू मधले टाके घाल, पोरींबरोबर.”

मधले टाके म्हणजे नव्या शिकणाऱ्या मुलींचं काम. ठमाबाई सरकून मध्ये बसली. एक मुलगी तिला जागा करून द्यायला फारच लांब सरकली. ठमाबाई म्हणाली, “एवढी नको सरकू, मी अजून मेले नाय.”

लक्ष्मी कोपरा शिवायला लागली. हात ठमाबाईनेच तयार केलेला, त्यामुळे टाका तसाच, सुई न शिरणारा. घास रीतीचा, बोराएवढा. गोधड्या धड राहिल्या; आता दोऱ्याचं टोक बाहेर नव्हतं, आणि टाका ओढून काढायला पोरांच्या अंगात जोरही उरला नसणार. पहिल्याच खेपेला गणूच्या गाडीतून जवळपास काही परत आलं नाही, आणि गंगुबाई म्हणाली, “बघ, हात असला की असा.”

ठमाबाईने दोन खेपा बघितल्या. तिसऱ्या वेळी तिने लक्ष्मीला तळ्यावर गाठलं. लक्ष्मी कपडे धूत होती.

“टाका सैल घाल,” ठमाबाई म्हणाली.

लक्ष्मीला वाटलं, म्हातारी जळते. तसं ती बोलली नाही, पण तोंडावर आलंच असणार. कारण ठमाबाई तिथेच दगडावर बसली आणि तिने तळावरचं सगळं सांगितलं. हिरव्या लुगड्याची गोधडी, तोंडात कोपरा धरलेलं पोर, हललेला दात. रडली नाही, आणि लक्ष्मीलाही रडायला फुरसत दिली नाही.

“मामंजींना कळलं तर?” लक्ष्मी म्हणाली.

“तू सांगितलंस तर कळंल.”

“पन कोपरं सुटलं तर माझं नाव जाईल. सासूबाई काय म्हनतील? आत्ताच तर कोपरा दिला मना.”

नवी सून. सासूच्या पडवीत पहिल्यांदा कुणी तिचं कौतुक केलेलं. लक्ष्मीचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझी पणजी आहे म्हणून नव्हे, अठराव्या वर्षी मीही हेच विचारलं असतं.

ठमाबाईने विचार केला. “माझं नाव सांग,” ती म्हणाली. “म्हन, ठमामावशीनं असाच शिकवलाय, मी काय करू? माझं गेलंय ते गेलंय. जुन्या फाटक्यात एक भोक जास्त, काय फरक पडतो?”

मग तसंच झालं. लक्ष्मीचे कोपरे सुटायला लागले. गंगुबाईने विचारलं तेव्हा लक्ष्मी मान खाली घालून म्हणाली, “ठमामावशीनं असाच शिकवलाय.” ठमाबाई मध्ये बसून धावदोरा घालत होती. तिने मान वर केली नाही.

“गुरूच कच्चा, तर चेली काय करनार?” तुळसा म्हणाली. “हा घरान्याचा टाका झाला गो. ठमाबाईचा टाका.”

सगळ्या हसल्या. गंगुबाईही हसली. लक्ष्मी हसली नाही म्हणून तिला कुणीतरी चिमटा काढला, मग तीही हसली.

त्या दिवसापासून ही म्हण आमच्या गावात आहे. पुढे गावाच्या लेकी ठाण्याला, कल्याणला, पार घोडबंदरपर्यंत दिल्या गेल्या, त्यांनी ती तिकडे नेली.

गंगुबाईने कोपरा लक्ष्मीकडून काढून घेतला नाही. दुसऱ्या कुणाकडे द्यायचा हा प्रश्न होता, आणि सून शिकेल हळूहळू, असं तिने ठरवलं. ठमाबाई रोज पडवीत येताना भाकरी आणायची आणि कुणाचं लक्ष नसताना ती लक्ष्मीच्या मांडीखाली सारायची. गाडी महिनोन्महिने जात राहिली. दाणा गावाबाहेर जाणार नाही हा पाटलाचा शब्द गावाने शेवटपर्यंत पाळला, असं काळुराम पाटील अभिमानाने सांगायचा.

पुढच्या साली पाऊस आला तसा तळ उठला. गोधड्यांचं काम थांबलं. हिरव्या लुगड्याच्या गोधडीचं आणि त्या पोराचं काय झालं ते कळलेलं नाही. कळलेलं नसताना मी काही लिहिणार नाही.

गावात मात्र जे बसलं ते बसलं. ठमाबाईला कोपरा घालायला कुणी बोलवेना. कुणी मुद्दाम टाळत होतं असं नाही. डोळे गेलेल्या बाईला कशाला त्रास, असं म्हणत. तिचे डोळे इतके चांगले होते की खाडीच्या पलीकडे कुणाची होडी लागली ते ती ओटीवरून सांगायची. मग आठवण झाली की मध्येच थांबायची आणि म्हणायची, “असंल कोनतरी.”

तिच्या मुलीचं लग्न ठरलं. लेकीबरोबर द्यायची गोधडी ठमाबाईने एकटीने शिवली. शेवटचा कोपरा उरला. आईने घालायला हरकत नव्हती. पण वराकडच्या बायका आल्या होत्या, आणि त्यांच्यातली एक हसत म्हणाली, “विहीनबाई, कोपरा तेवढा तुमी नको. तुमचा टाका आमच्या गावापर्यंत आलाय.” गंगुबाईने लगेच लक्ष्मीला पुढे केलं. लक्ष्मी आता पोक्त झाली होती, तिचा टाका पक्का म्हणून नावाजला जात होता. तिने घास सारला, ‘खा आणि ऊब दे’ म्हणाली आणि कोपरा शिवला. 

ठमाबाईने अंगठा फिरवून टाका बघितला. “बरा घातलास,” ती म्हणाली.

काळुराम पाटील गेला. धाकूही गेला. गंगुबाई म्हातारी झाली, ठमाबाई त्याहून म्हातारी झाली. एका दुपारी लक्ष्मी तिला कालवण द्यायला गेली. ठमाबाई भिंतीला टेकून बसली होती. वाटी तिने बाजूला ठेवली.

“लक्ष्मी, एक काम कर.”

“काय, मावशी?”

“तुझ्या सासूला जाऊन सांग, ठमाचा टाका कच्चा नव्हता.”

लक्ष्मीने कालवणाची वाटी पुन्हा तिच्यापुढे सरकवली. ठमाबाईने तिकडे बघितलं नाही.

“आता पाटील नाय. भीती कोनाची? पोरांचं, भाकरीचं सांगायचं तर सांग, नसंल सांगायचं तर नको सांगू. एवढंच सांग, टाका कच्चा नव्हता. मी स्वतः गेले असते, पन मी गेले तर ती म्हनंल, म्हातारपनी हिला हे सुचतंय. तुझ्या तोंडून गेलेलं बरं. तुझा टाका पक्का हाय.”

“आत्ता जाते,” लक्ष्मी म्हणाली, आणि ती खरोखरच गेली.

पडवीत गंगुबाई भिंतीकडे पाठ करून बसली होती. तिच्या पुढ्यात लक्ष्मीची धाकटी मुलगी होती, हातात सुई. गंगुबाई तिला कोपरा शिकवत होती. दिसत फारसं नव्हतं, बोटांनी चाचपत होती.

“हा कोनाचा टाका गो?” ती नातीला दटावत होती. “असा नाय. असा ठमा घालायची. तुझी आय घालते तसा घाल.” पावलांची चाहूल लागली तशी तिने मान फिरवली. “कोन? लक्ष्मी? बरी आलीस. दाखव हिला.”

लक्ष्मी उंबऱ्यात उभी राहिली. मुलगी सुई वर धरून आईकडे बघत होती.

“काय गो, काय काम होतं?” गंगुबाईने विचारलं.

“काय नाय,” लक्ष्मी म्हणाली. “भांडं ऱ्हायलंय का बघायला आले.”

तिने मुलीच्या हातातून सुई घेतली आणि टाका घालून दाखवला. घट्ट.

तिन्हीसांजेला ती ठमाबाईकडे गेली, वाटी परत घ्यायला.

“सांगितलंस?”

“निजल्या होत्या,” लक्ष्मी म्हणाली. “उद्या सांगते.”

“उद्या सांग,” ठमाबाई म्हणाली. “पन जेवायच्या आधी सांग. जेवल्यावर तिला काय ऐकू जात नाय.”

लक्ष्मी हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी भात झोडायचं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी अंबरनाथकडचे पाहुणे आले. ठमाबाईने आणखी दोनतीनदा विचारलं, आणि मग विचारायचं सोडून दिलं.